पुंगैखाली झाडू नका

अंबुजा मिस,

लोकांना वाटलं मी रडतेय. तुम्ही गेल्यापासून रोज सकाळी मी तुमच्या दारासमोरच्या पुंगैच्या झाडाखाली उकिडवी बसायचे, मान खाली, केस तोंडावर. भेटायला येणारी माणसं चपला काढता काढता माझ्याकडे बघून हळहळायची. एका आजींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "रडून घे, कण्णा." मी मान तशीच खाली ठेवली. लोकांचे गैरसमज मला फार उपयोगी पडतात, हे तुम्हाला माहीतच आहे.

मी कोष शोधत होते. आपला कोष.

तुम्ही असतात तर खिडकीतूनच ओळखलं असतंत आणि ओरडला असतात, "चष्मा लावून बस गे!"

तुमचा जन्म कुठला, कॉलेजात झूलॉजी किती वर्षं शिकवलंत, कोण कोण विद्यार्थिनी कुठे पोचल्या, ते सगळं तुमच्या भाच्यानं लोकांना सांगितलं. चांगलं सांगितलं. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तूही दोन शब्द बोल." मी उभी राहिले आणि बसले. ते दोन शब्द आता लिहितेय. मराठीत लिहितेय, कारण आपला तक्ताही आपण मराठीतच केला होता. आणि दुःखाचं म्हणून लिहायला बसले तरी हात सारखा दुसरीकडेच जातोय. मला तुमचा अभिमान वाटतो, मिस. तो आधी लिहून टाकते, म्हणजे पुढे अडखळायला नको.

आम्ही पुण्याहून नंगनल्लूरला आलो तेव्हा मी नववीत होते. बाबांना इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. कंपनीची बस त्यांना पहाटे घेऊन जायची आणि दिवेलागणीनंतर आणून सोडायची. आईला तमिळचा एक शब्द येत नव्हता. तळमजल्यावर मराठी बोलणारं कुणीतरी राहतं हे कळल्यावर ती चांगली साडी नेसून खाली आली, मला ओढत. तुम्ही दार उघडलंत. नाकाच्या दोन्ही बाजूंना चमक्या, हातात भिंग.

आईनं तुमचं बोलणं दोन मिनिटं ऐकलं आणि कौतुकानं म्हणाली, "अय्या, तुम्ही मराठी किती छान बोलता हो!"

तुम्ही म्हणालात, "तुम्ही पण छान बोलता."

आईला ते लागायला जिना चढून वर यावं लागलं. तुमच्या घराण्याला तंजावरला जाऊन कैक पिढ्या झाल्या होत्या आणि त्या सगळ्या पिढ्या घरात मराठीच बोलत आल्या होत्या, हे आम्हाला तेव्हा कुठे माहीत होतं! मला तर तुमची मराठी आधी तमिळच वाटली. शब्द जुने, चाल इथली. आमच्या मराठीबद्दल तुमचं मत तुम्ही कधी लपवलं नाहीत. "फार घाईत बोलता तुम्ही लोक. बस सुटत अहे काय?"

माझं नाव विचारलंत. केतकी म्हटल्यावर म्हणालात, "म्हणजे ताळम्पू. वास छान. जवळ जायचं ते जपून." सगळी बिल्डिंग तुम्हाला मिस म्हणायची, म्हणून मीही मिस म्हणायला लागले. तुम्ही मला शेवटपर्यंत ताळम्पूच म्हणालात.

त्याच वर्षी, उन्हाळा तोंडावर असताना, पुंगैला नवी पालवी आली. पुंगै म्हणजे आपला करंज हे मला खूप उशिरा कळलं. पालवी आधी चकचकीत, लोणी लावल्यासारखी, आणि थोड्याच दिवसांत पानापानावर पांढरट फोड. आईनं वरून पाहिलं आणि मला खाली पिटाळलं. झाडाला रोग पडलाय, मिसना सांग, कुणाकडून तरी फवारून घ्या म्हणावं. मी तुमच्यासमोर उभी राहून इंग्रजीत म्हणाले की झाड आजारी आहे. तुम्ही एक पान तोडलंत, माझ्या हातात दिलंत आणि माझा हात धरून सूर्याकडे वर केलात.

"काय दिसतं?"

"डाग."

"डाग नको सांगू. दिसतं काय ते सांग."

पानावर एक पांढरी रेघ होती. वळत वळत जाणारी, स्वतःला कुठेही न ओलांडणारी. पुढे ती रुंद होत गेली होती आणि शेवटी पानाची वरची साल फुलक्यासारखी फुगली होती. त्या फुगवट्यात काहीतरी हललं.

"आत कुणीतरी आहे," मी म्हणाले.

"हां. आता सरी. कोण?"

"माहीत नाही."

"फस्ट क्लास," तुम्ही म्हणालात. "मला पण पुरतं माहीत नाही. ये, बस."

मिस, माझ्या शाळेत 'माहीत नाही' म्हटलं की उभं करत. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी एकच गोष्ट पक्की शिकले होते, की उत्तर येत नसेल तर वर बघायचं नाही. तुम्ही त्याच उत्तराला फस्ट क्लास दिलात आणि वर बसायला स्टूल. त्या दिवशी मी तुमच्याकडे किती वेळ होते ते आठवत नाही. आई शोधत खाली आली एवढं आठवतं.

मग ते सगळं सुरू झालं. तांदळाच्या कणीहून जराशी मोठी असेल अशी ती पतंगाची जात. मादी कोवळ्या पानावर अंडं घालते, भिंगाखाली पाण्याच्या थेंबासारखं दिसणारं. अळी अंड्यातून निघते ती थेट पानात शिरते. वरची कातडी आणि खालची कातडी यांच्या मधे तिचं सगळं बालपण. ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही, खायला भिंतीच. मी म्हणाले पापडासारखं आहे, मधे फुगलेलं; तुम्ही म्हणालात अप्पळम; त्यावरही आपण जरा वेळ भांडलो.

कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओवाल्याकडून तुम्ही फिल्मच्या रोलच्या रिकाम्या डब्या आणायचात. देठाला ओला कापूस गुंडाळून एकेक पान एकेका डबीत. पहिल्या वेळी मी रोज शाळेतून आल्या आल्या दप्तरासकट तुमच्याकडे. आणि डबीतून निघाली काळी, चमकणारी, मुंगीच्या बाळाएवढी गांधीलमाशी. दुसऱ्या डबीतूनही तीच. मला रडू यायचं बाकी होतं. तुम्ही मात्र टाळ्या पिटत होतात.

"पाह, पाह! पान म्हणजे हाउस ओनर. अळी भाडेकरू, ॲडव्हान्स न देता आत शिरलेली. आणि ही त्या भाडेकरूच्या पोटात बसलेली पोटभाडेकरू!"

"पण आपला पतंग?"

"आपला पतंग हिनं खाल्ला. पुन्हा लाव डब्या."

पुन्हा लावल्या. पुन्हा पुन्हा लावल्या. पहिला पतंग निघाला तेव्हा तुम्ही आत कॉफी गाळत होतात आणि मी एकटीच टेबलापाशी होते. अरुंद तपकिरी पंख, त्यांवर पांढरे पट्टे, कडेला झालर. पुढच्या पायांवर अंग उचलून तिरका उभा, शाळेच्या प्रार्थनेला ताठ उभं केल्यासारखा. मी हाक मारली नाही. तुम्ही येईपर्यंत मी एकटीनं त्याला बघितलं. तुम्ही आलात, पाहिलंत, आणि दोन्ही पेले हातात घेऊन तशाच उभ्या राहिलात. तुमची कॉफी गार झालेली मी आयुष्यात तेवढी एकदाच पाहिली.

एकदा मी फार धीर करून तुमच्याशी वाद घातला होता. पानात दोन वेगवेगळ्या अळ्या राहतात असं माझं म्हणणं होतं. एक चपटी, पारदर्शक, बारीक रेघ काढणारी. दुसरी गोल, फोडात राहणारी. तुम्ही म्हणालात एकच. मी म्हणाले दोघींची तोंडंसुद्धा वेगळी आहेत. तुम्ही 'तू चूक' म्हणाला नाहीत. एका पानावर शाईनं खूण केलीत आणि म्हणालात, ह्याच्यावरून नजर हलवू नको. मी हलवली नाही. चपट्या अळीनं कात टाकली आणि त्याच पानात, त्याच रेघेच्या टोकाला, गोल अळी. आधी नुसता रस पिणारं तोंड, मग चावणारं. त्या वाटेनं तुम्ही आधीच जाऊन आला होतात, तरी मला पोचू दिलंत. आईनं हे ऐकलं तेव्हा ती हसून म्हणाली, "आमची केतकी पण तशीच, पानात बसलेली. कधी बाहेर येते बघू." मला ते आवडलं नव्हतं, पण मी गप्प होते. तुम्ही गप्प राहिला नाहीत.

"अळी ती अळी अहे, केतकी ती केतकी अहे," तुम्ही म्हणालात. "दोघींना आपापलं काम करू द्या."

तक्ता तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलात आणि जेवणाच्या टेबलावरच्या भिंतीला लावलात. मोठं वर्तुळ, त्यावर एकेक अवस्था. अंडं, चपटी अळी, गोल अळी, पान सोडायच्या आधी लाल होणारी अळी, कोष, पतंग. नावं मराठीत घालायची हा तुमचा हट्ट. मला लार्व्हा आणि प्यूपा येत होतं, तुम्हालाही तेच येत होतं. मग मी वर जाऊन आईला विचारायचं आणि खाली येऊन तुम्हाला सांगायचं. कोष हा शब्द मी असा जिन्यावरून आणला. प्रत्येक चित्राखाली पाहणाऱ्याच्या नावाचं अक्षर. ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं त्याचंच, दुसऱ्याचं नाही. हा नियम तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलात. पतंगाखाली 'के' लिहायला लावलंत, कारण तुम्ही कॉफी गाळत होतात.

कोषाची जागा रिकामी राहिली.

डबीत कोष होत होते. अळी पान फोडून बाहेर यायची आणि डबीच्या झाकणात विणायला घ्यायची. पण डबी म्हणजे झाड नव्हे. बाहेर, तिच्या स्वतःच्या मर्जीनं ती कुठे जाते? तुमचं म्हणणं, धाग्यावरून खाली जमिनीवर, पडलेल्या पानांत. माझं म्हणणं, झाडावरच, सालीच्या फटीत. एकदा मी लाल अळी धाग्याला लटकताना पाहिली होती. वाऱ्यानं ती खोडाकडे झुलली आणि दिसेनाशी झाली. तेवढ्या जोरावर मी कित्येक वर्षं माझी बाजू लढवली. साल खरवडून काही निघत नव्हतं. जमिनीवरही काही मिळत नव्हतं.

एका छोट्या निसर्गपत्रिकेचे संपादक तुमच्या लेखाची वाट पाहत होते. फोनवर ते जे म्हणाले ते मला ऐकू येत नव्हतं, पण तुमचं येत होतं.

"तसं लिहू शकते. 'बहुधा जमिनीवर, तिच्या नातलगांप्रमाणे.' लिहू शकते. नाही, लिहिणार नाही... माझ्या पतंगाला दुसऱ्या पतंगाची साक्ष नको, सर."

फोन ठेवून तुम्ही रसम उकळायला गेलात. लेख कपाटात गेला. तेव्हा मला वाटलं होतं, एका शब्दासाठी एवढं कशाला? आता ऑफिसात रोज माणसं न पाहिलेल्या गोष्टी पाहिल्यासारख्या लिहितात आणि मलाही लिहायला सांगतात. तुमचा तो 'नको' मी तेव्हा माझ्यासोबत घेऊन जात असते.

तेच संपादक पुढे एकदा घरी आले. मला पाहून म्हणाले, "तुमची विद्यार्थिनी?" तुम्ही म्हणालात, "नव्हे. सहकारी. ही पाहते, मी लिहिते." मी पान सोडणाऱ्या अळीसारखी लाल झाले होते. तुम्ही ते पाहिलंत आणि लगेच त्यांना चकली वाढायला घेतलीत, म्हणजे त्यांचं लक्ष माझ्याकडून उडेल.

आता त्या सकाळबद्दल. मी वरच्या गॅलरीत दात घासत उभी होते. तुम्ही खाली रोजच्यासारखं अंगण झाडत होतात. आधी झाडू, मग बादलीतून पाण्याचा सडा, मग कमरेत वाकून तांदळाच्या पिठाचा कोलम. पुंगैला बहर होता, चुरमुऱ्यांसारखी फुलं रात्रभर गळत होती. ती सगळी फुलं आणि पानं तुम्ही सुपलीत भरलीत आणि कचऱ्याच्या डब्यात ओतलीत. वरून पुंगैखालची जमीन ताटासारखी स्वच्छ दिसत होती.

मी तोंड धुऊन खाली आले आणि तुमच्यासमोर उभी राहिले.

"काय गे?"

"मिस, तुमचं बरोबर असेल तर... कोष इथेच पडत असतील."

"हां, इथंच. मग?"

मी तुमच्या हातातल्या झाडूकडे पाहिलं. तुम्हीही पाहिलंत. मग तुम्ही पायरीवर बसलात, झाडू मांडीवर घेऊन, आणि हसायला लागलात. चष्मा काढून डोळे पुसावे लागले तुम्हाला. "अय्यो, अय्यो! इतकी वर्षं शोधत अहे, आणि पुरावा रोज सकाळी मीच कचऱ्यात टाकत अहे! अंघोळीच्या आधी!"

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही झाडणं बंद केलंत. झाडणं बंद म्हणून सडा बंद, सडा बंद म्हणून कोलम बंद. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुण्यात आमच्या दारात रांगोळी दिवाळीतच पडायची. पण दुधवाला पिशवी ठेवून न बोलता गेला. इस्त्रीवाल्यानं खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला. आणि मग समोरच्या मीनाक्षी मामी आल्या, हात जोडून, डोळ्यांत पाणी. "कोण गेलं, मिस? तंजावरचं कोणी?"

इथे घरात कुणी गेलं की दारात कोलम काढत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

"कोणी गेलं नाही, मामी," तुम्ही म्हणालात. "अळी खाली उतरणार अहे. तिची वाट पाहतेय." मामींना ते तमिळमध्ये सांगितलंत, पण मामींच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ते कुठल्याच भाषेत समजण्यासारखं नव्हतं.

"अळी येईल तेव्हा येईल," मामी म्हणाल्या. "तोवर लक्ष्मी दारावरून परत जाईल त्याचं काय?"

पुढच्या पहाटे तुमच्याआधी मामी उठल्या. गुडघे धरत त्यांनी पुंगैखालची जमीन स्वतः झाडली, सडा घातला, आणि तुमच्या दारात काव लावलेला, पाकळ्या पाकळ्यांचा एवढा मोठा कोलम काढला की पायरीवरून पाऊल कुठे टाकावं ते कळेना. मिस एकट्या, तब्येत बरी नसेल, आपण करू, एवढंच त्यांच्या मनात. तुम्ही दार उघडलंत आणि उंबऱ्यातच थांबलात.

"इतका सुंदर काढलाय," तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "की शिव्या पण देता येत नाहीत."

त्यानंतर तुम्ही पुन्हा रोज झाडायला लागलात. मी चिडले होते. म्हटलं, मामींना समजावून सांगा. तुम्ही म्हणालात, "तिनं दुखऱ्या गुडघ्यांनी वाकून माझं दार राखलं. तिला रोज घाबरवू काय?" आपण पुंगैखाली पानांनी भरलेली परात ठेवून पाहिली, ती कावळ्यांनी उलथली. रस्त्यावरच्या पुंगैंखाली गेलो. तिथे महापालिकेचा झाडू आणि त्यानंतर स्कूटरी. तुमचे गुडघेही मग मामींच्या गुडघ्यांसारखे झाले. तक्त्यावरची जागा रिकामीच राहिली, आणि तुम्ही जेवताना रोज तिच्यासमोर बसत राहिलात. ती झाकायला तुम्ही कधी दुसरं कॅलेंडर लावलं नाहीत.

एक गोष्ट आपण बोललोच नाही. बारावीनंतर मी कंप्युटर इंजिनिअरिंग घेतलं. तुम्ही झूलॉजीचं नाव काढलं नव्हतं, मीही काढलं नाही. फक्त एकदा विचारलंत, "आवडतं काय ते?" मी म्हणाले, "माहीत नाही." तुम्ही म्हणालात, "फस्ट क्लास." पण पहिल्या वेळेसारखं नाही म्हणालात. मी तेव्हाच बोलायला हवं होतं असं नाही, मिस. मला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही ओढलं असतंत तर मी कदाचित आले असते, आणि तुम्ही ओढलं नाहीत. ह्याचा राग आणि ह्याचे आभार, दोन्ही माझ्याकडे एकत्रच ठेवलेले आहेत. शनिवारी-रविवारी मी भिंग घेऊन खाली येत राहिले. स्टुडिओवाल्याकडे डिजिटल कॅमेरे आल्यावर डब्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा उरलेल्या तुम्ही धुऊन धुऊन वापरल्यात.

तुम्ही कशा गेलात ते इथे लिहीत नाही. पालवी आली होती, पानांवर रेघा उमटल्या होत्या, एवढं लिहिते.

भाच्यानं दिवा लावला, मामींनी बिल्डिंगला बजावलं: तेरावा होईपर्यंत तळमजल्याच्या दारात झाडू नाही, सडा नाही, कोलम नाही. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्याबद्दल मला क्षणभर स्वतःची लाज वाटली. मग वाटलं, तुम्हाला वाटली नसती. तुम्ही म्हटलं असतंत, "उभी काय राहतेस गे?"

पुंगैखाली फुलं साचत गेली. त्यांवर पिवळी पानं, त्यांवर पुन्हा फुलं. इतक्या वर्षांत ती जमीन पहिल्यांदाच जमिनीसारखी दिसत होती. ऑफिसला जायच्या आधी मी रोज येऊन बसायचे आणि एकेक पान उलटायचे. पालीची लेंडी, मुंग्यांची माती, कुणाच्या तरी साडीची टिकली. कोष नाही. मनातल्या मनात मी तुम्हाला म्हणायचे, बघा, झाडावरच असणार. आणि तसं म्हणताना पहिल्यांदाच मला वाटत होतं, मी हरावं.

तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी दार पुन्हा शुभ करायचं होतं. मी उजाडता उजाडता खाली आले. एक पिवळं पान उचललं, कडेनं जरासं ओढल्यासारखं आत वळलेलं. मधल्या शिरेच्या खोबणीत रेशमाचा चपटा पडदा ताणलेला होता, जिऱ्याच्या दाण्याएवढा. भिंगातून पाहिलं. पडद्याआड कुणीतरी निजलं होतं.

मागून बादलीचा आवाज आला. मीनाक्षी मामी, हातात झाडू, पदर खोचलेला.

"मामी, पुंगैखाली झाडू नका!"

मी हे तमिळमध्ये म्हणाले, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाले की वर आमच्या गॅलरीचं दार उघडलं. मामी जागच्या जागी थांबल्या. मला वाटतं त्यांनी माझा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "आज शुभ दिवस आहे, पोरी," त्या म्हणाल्या. "आज तरी झाडू दे." मग मी बोलत सुटले. अंडं, रेघ, फोड, लाल होणं, धागा, तक्ता, रिकामी जागा, त्यांचा तो काव लावलेला कोलम, तुम्ही शिव्या न देणं, सगळं. माझं तमिळ किती मोडकं आहे हे मला बोलताना ऐकू येत होतं, तरी थांबता येत नव्हतं. तुम्ही तिथे असायला हवं होतंत. तुम्ही मला एवढं सलग बोलताना कधी ऐकलंच नाहीत.

मामी झाडू ठेवून वाकल्या. मी भिंग त्यांच्या डोळ्याला लावलं.

"हे? एवढंसं?"

"हो."

"ह्याच्यासाठी त्या बाईनं दारातला कोलम बंद केला होता?"

"हो, मामी."

त्या बराच वेळ बघत होत्या. मग भिंग न काढताच म्हणाल्या, "तेव्हा मी झाडले, त्यात किती गेले असतील ग?"

"माहीत नाही," मी म्हणाले. मला खरंच माहीत नव्हतं.

मामींनी पुंगैच्या बुंध्याभोवती झाडूच्या दांड्यानं एक अर्धवर्तुळ आखलं आणि त्याच्या बाहेरचं तेवढं झाडलं. मग सडा, मग कोलम, पुन्हा काव लावून. अर्धवर्तुळाच्या कडेपाशी त्यांनी पाकळ्या वळवून घेतल्या.

एकावर विश्वास ठेवू नको असं तुम्ही म्हणाला असतात, म्हणून मी त्या अर्धवर्तुळात आणखी शोधलं. आणखी मिळाले. एक तर गळलेल्या फुलावर होता. ते तुमच्या उरलेल्या डब्यांत ठेवले आणि आपण बघायचो तशी वाट बघितली. एकातून गांधीलमाशी आली. मी टाळ्या पिटल्या नाहीत, पण तुमच्या टाळ्या आठवल्या. आणि मग एका सकाळी डबीत, कोषाच्या टोकातून रिकामं कवच अर्धं बाहेर आलेलं, आणि शेजारी तो. तपकिरी, पांढऱ्या पट्ट्यांचा, पुढच्या पायांवर अंग उचलून ताठ उभा. एक तुमच्या पद्धतीनं नमुना म्हणून ठेवलाय. बाकीचे पुंगैवर सोडले.

जमिनीवर, मिस. तुमचंच बरोबर होतं. तुम्हाला ते लिहून टाकता आलं असतं, कुणी विचारलंही नसतं, आणि तरी तुम्ही लिहिलं नाहीत. मला ह्याचाच सगळ्यात जास्त अभिमान आहे. बरोबर असणं काय, कुणालाही जमतं.

भाचा घर रिकामं करायच्या आधी किल्ली माझ्याकडे देऊन गेला. काल मी टेबलाशी तुमच्या खुर्चीत बसले, तुमची पेन्सिल घेतली, आणि रिकाम्या जागी कोष काढला. खाली लिहिलं, 'पुंगैखाली, जमिनीवर, पडलेल्या पानावर.' त्याच्या खाली अक्षरं घातली. आधी 'अं', मग 'के'.

नियमाप्रमाणे हे चूक आहे. तुम्ही तो पाहिला नाहीत, मी पाहिला. पण ती न झाडलेली जमीन तुमची होती. तुम्ही म्हणाल, "खोड ते. डोळे तुझे, अक्षर तुझं." आणि लगेच खोडरबर शोधायला लागाल.

शोधू नका. खोडरबर मी वर घेऊन आलेय.

तुमची,
ताळम्पू